दुर्बीण हवी, पण जमीन कुणाची?

हवाईच्या मौना केआ पर्वतावर, 4,200 मीटर उंचीवर, 13 दुर्बिणी उभ्या राहिल्या. आता 30 मीटर आरशाची आणखी एक उभारण्याचा घाट आहे. भारत त्यात भागीदार, पुण्याची आयुकाही. जुलै 2019 मध्ये रस्ता अडवून बसलेल्या मूळनिवासी म्हाताऱ्यांना पोलिसांनी अटक केली.

आपल्यातलेच काही म्हणतील, पर्वत पवित्र मानणे ही अंधश्रद्धा! मित्रांनो, देव आम्हीही नाकारतो. पण 1893 मध्ये राणीचे राज्य उलथवले गेले, त्या राज्याची ही जमीन 1968 मध्ये वर्षाला एक डॉलर भाड्याने विद्यापीठाला दिली. मूळ मालकांना विचारले कुणी? ही अंधश्रद्धा नव्हे, बळकावणी आहे. भारताच्या वाट्यात आमचाही कर आहे. आम्ही जाब विचारणारच.