नवें गाणें आणि श्रोत्यांचे बोल

एकांतांत कांहीं रचणें सोपें. तें चार माणसांपुढें ठेवणें कठीण. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत पारिपार्श्वक सूत्रधारास विचारतो, कीं भास, सौमिल्ल यांच्यासारखे नामवंत कवि असतां या आजच्या कालिदासाचें नाटक कशाला? कालिदासास जो प्रश्न चुकला नाहीं, तो इतरांस कोठून चुकणार? हल्लीं तोच प्रश्न आमच्या वाचकांच्या घरांतून एका निराळ्याच वस्तूविषयीं विचारला जात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कित्येक एकत्र कुटुंबांत आतां एखादा चिरंजीव विजेचें गिटार घेऊन बसलेला दिसतो. दोनचार मित्र जमवून तो 'मेटल' नांवाचें संगीत रचतो, त्याचें ध्वनिमुद्रण करतो, आणि एके दिवशीं जेवणें आटोपल्यावर भीत भीत विचारतो, "आजोबा, आमचें नवें गाणें ऐकतां का?" पुढें काय घडतें तें सर्वांच्या परिचयाचें आहे. आजोबा कानांवर हात ठेवतात. काका "हा निव्वळ गोंगाट" म्हणून उठून जातात. आई, मूल आपलें म्हणून, "छान झालें हो" म्हणते. या तिन्ही उत्तरांनीं त्या मुलाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं, असें आमचें मत आहे.

या बाबतींत त्या संगीताचा इतिहासच बोधप्रद आहे. त्याचा उगम इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं झाला. तेथील टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें १९६५ सालीं पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्राखालीं तुटलीं. तो डावखुरा, तारा दाबावयाच्या त्या याच हातानें. त्यानें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, हलक्या तारा लावल्या, आणि पुढें त्या खालच्या स्वरांत जुळविल्या. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली. नामांकित समीक्षकांनीं तिची हेटाळणी केली. ब्रिटिश श्रोत्यांनीं मात्र तिला विक्रीच्या यादींत आठव्या क्रमांकावर नेलें. आज या संगीताचा आरंभ बहुधा त्याच तबकडीपासून मोजतात.

परंतु एवढ्यावरून 'टीकाकार नेहमींच चुकतात' असा सिद्धांत कोणीं काढूं नये. अमेरिकेंतील 'मेटॅलिका' ही याच पंथांतील मंडळी घ्या. तिच्या १९८८ च्या तबकडींत बास गिटारचा स्वर जवळजवळ ऐकूंच येत नाहीं, अशी तक्रार श्रोत्यांनीं केली. २००३ सालच्या तबकडींत स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्यामुळें तो रिकाम्या डब्यासारखा वाजतो, असा आक्षेप आला. २००८ सालच्या तबकडींत मोठा व लहान आवाज यांतील अंतर दाबून सर्वच इतकें चढविलें होतें, कीं ध्वनि फाटूं लागला. तेव्हां तिचें मिश्रण पुन्हां करावें, अशा विनंतीवर १०,००० हून अधिक श्रोत्यांनीं सह्या केल्या. हे लोक त्या संगीताचे वैरी नव्हते, त्यावर प्रेम करणारे होते. म्हणूनच त्यांनीं "गोंगाट" असा मोघम शब्द न वापरतां दोषाचें स्थान नेमकें दाखविलें.

आणि दोष दाखविला म्हणजे तो काढलाच पाहिजे असेंही नाहीं. १९८८ ची ती तबकडी २०१८ सालीं नव्यानें काढतांना मंडळीनें बासचा स्वर वाढविला नाहीं. तें काम जसें झालें तसेंच राहूं दिलें. ऐकून घेणें हें कर्त्याचें कर्तव्य. निर्णय करणें हा त्याचा अधिकार.

यावरून तरुण मित्रांस आमचें सांगणें इतकेंच. कृति पुढें ठेवण्यापूर्वीं श्रोत्यास सांगावें, कीं अमुक ठिकाणीं विशेष लक्ष द्या. कोणी नांवें ठेवलीं तर त्याच दिवशीं उत्तर देऊं नये, "कोणत्या जागीं खटकलें?" एवढेंच नम्रपणें विचारावें. ज्यास जागा सांगतां येते त्याचें बोलणें टिपून ठेवावें. ज्यास ती जातच आवडत नाहीं त्यास नमस्कार करून सोडून द्यावें. परस्परांशीं न बोललेल्या तिघांनीं एकच जागा दाखविली, तर मात्र ती पुन्हां पुन्हां ऐकावी. तसेंच टीकेशीं वाद घालण्यांत जो वेळ जाणार, तो पुढच्या रचनेस द्यावा.

वडील मंडळींसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. निबंधाखालीं नुसतें "वाईट" लिहिणाऱ्या शिक्षकापासून विद्यार्थी कांहीं शिकत नाहीं, आणि नुसतें "उत्तम" लिहिणाऱ्यापासूनही नाहीं. समासांत खूण करून "येथें वाक्य तुटलें" असें लिहिणाराच त्याच्या उपयोगी पडतो. गाण्याचेंही तसेंच. आमचे कान श्लोकांवर व भजनांवर पोसलेले. हें संगीत आम्हांस गोड लागेल असें नाहीं, आणि लागलेंच पाहिजे अशी त्या मुलाचीही अपेक्षा नसते. त्यास एवढेंच हवें असतें, कीं घरांतल्यांनीं बसून शेवटपर्यंत ऐकावें. दोनदां ऐकूनही कांहीं न उमगलें तर तसें सरळ सांगावें. त्यांत कमीपणा नाहीं. उमगलें तर एक चांगली जागा व एक वाईट जागा दाखवावी. एवढें झालें तर तो मुलगा दुसरें गाणेंही प्रथम घरींच आणील. न झालें तर तो तें बाहेर नेईल, आणि घरांत त्याची वार्ताही लागणार नाहीं.