पुनरागमन म्हणजे फेरपरीक्षा नव्हे

तर झालं असं, की गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्यानं एक यादी टाकली. 'फसलेली पुनरागमनं' अशा मथळ्याची. त्यात कोणी नट, कोणी खेळाडू, आणि मध्येच एक नाव: व्हिटनी ह्यूस्टन, अल्बम 'आय लुक टू यू', साल २००९. जावईबापूंनी लगेच खाली लिहिलं, "शेवटी आकडेच बोलतात."

मी एका बोटानं अर्धा तास टाइप करत बसले आणि सगळं पुसून टाकलं. ग्रुपवर भांडायचं आता वय नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. जावईबापूंनी राग मानू नये. मानलाच तर पुढच्या खेपेला पुरणपोळी करीन, पण मुद्दा सोडणार नाही!

आधी माझी पात्रता सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला विचारायला नको. मराठी घेऊन बी.ए. झाले, जन्मभर मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. अशा बाईला इंग्रजी पॉप गाण्यातलं काय कळणार? बरोबर आहे. मुलगी शाळा-कॉलेजात असताना घरात 'द बॉडीगार्ड'ची कॅसेट वाजायची, त्यातली ती उंच सूर लावणारी बाई, एवढीच माझी ओळख. पण २००९ च्या ऑगस्टमध्ये नात झाली तेव्हा मी मुलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला होते. व्हिटनी त्याच राज्यातली, नेवार्कची. आई सिसी ह्यूस्टन चर्चमधली नावाजलेली गायिका, आणि ही पोरही त्याच चर्चमध्ये गायला शिकलेली. मुलीनं नवी सीडी आणली. बाळाला मांडीवर घेऊन रात्री-अपरात्री मी ती हळू आवाजात लावायची. शब्द निम्मे कळायचे, उरलेले मुलगी सांगायची. त्यामुळे हा अल्बम मी ऐकला आहे. यादी करणाऱ्यानं ऐकला असेल असं मला वाटत नाही.

आता आकडे. मास्तरीण आहे, फळ्यावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

अल्बम अमेरिकेत ३१ ऑगस्ट २००९ ला आला. पहिल्या आठवड्यात ३ लाख ५ हजार प्रती खपल्या आणि 'बिलबोर्ड'च्या अल्बमच्या यादीत तो थेट पहिला आला. पहिल्या आठवड्याची एवढी विक्री तिच्या सबंध कारकिर्दीत नोंदली गेली नव्हती. त्याआधी २००२ मध्ये आलेल्या 'जस्ट व्हिटनी'ची सुरुवात साधारण २ लाख ५ हजारांची होती आणि क्रमांक नववा. 'आय लुक टू यू'ला पुढे दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम प्रमाणपत्रही मिळालं. ही जमेची बाजू.

दुसरी बाजू अशी. सुट्या गाण्यांच्या 'हॉट १००' यादीत शीर्षकगीत ७० व्या क्रमांकाच्या वर चढलं नाही. 'मिलियन डॉलर बिल' कसंबसं शंभराव्या जागी टेकलं. तेच गाणं ब्रिटनमध्ये मात्र पाचवं! आणि ही तीच बाई, जिची १९८५ ते १९८८ या काळात ओळीनं सात गाणी याच यादीत पहिली आली होती.

मग जावईबापू, सांगा, आकडे नक्की काय बोलले? अल्बम पहिला, गाणं शंभरावं. एका देशात पाचवं, दुसऱ्यात शेवटून पहिलं. आमच्या शाळेत एखाद्या मुलाला एका विषयात पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात पस्तीस मिळाले, तर आम्ही आधी प्रश्नपत्रिका बघायचो आणि मग मुलाकडे वळायचो. आकडे आपण होऊन बोलत नाहीत हो. आपण जे विचारतो त्याचंच उत्तर देतात. पहिल्या आठवड्याचा आकडा सांगतो, की लाखो लोकांना तिची आठवण होती. सुट्या गाण्यांचा आकडा सांगतो, की ज्या पोरांच्या पसंतीवर ती यादी चालते, त्यांच्यासाठी ती मावशीच्या वयाची झाली होती. अल्बममध्ये काय आहे, हे दोन्हीपैकी एकही आकडा सांगत नाही.

अल्बममध्ये काय आहे ते मी सांगते, आणि खोटं कौतुक करणार नाही. तो एकसंध नाही. क्लाइव्ह डेव्हिस या जुन्याजाणत्या माणसानं, ज्यानं तिला अगदी तरुणपणी हेरलं होतं, त्यानंच हा घाट घातला. गाण्यांसाठी माणसं मात्र नाना तऱ्हेची गोळा केली. 'मिलियन डॉलर बिल' लिहिण्यात अ‍ॅलिशिया कीज, दुसरीकडे डेव्हिड फॉस्टरसारखा मुरलेला संगीतकार, एका गाण्यात तेव्हा फार चलती असलेला एकॉन. त्या एकॉनबरोबरच्या गाण्याचं नाव आहे 'लाइक आय नेव्हर लेफ्ट', म्हणजे जणू मी कधी गेलेच नव्हते. माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. अहो, ती गेली होती! सात वर्षं गेली होती. (मधला एक नाताळचा अल्बम सोडा.) संसार मोडला, व्यसनात बुडाली, बाहेर आली, शेहेचाळीस वर्षांची झाली. ते सगळं आवाजात उतरलेलं स्पष्ट ऐकू येतं. मग गेलेच नव्हते असं का म्हणायला लावायचं?

याहून मोठी चूक 'अ सॉन्ग फॉर यू' या गाण्यात आहे. हे मूळचं लिऑन रसेलचं. व्हिटनी ते संथ सुरू करते. आवाज खाली आलेला, जरा खरबरीत, पण शब्दाला धरून चाललेला. मांडीवरचं बाळ स्तब्ध व्हायचं. आणि अर्ध्यावर एकदम नाचाचा ठेका सुरू होतो! मला पहिल्यांदा वाटलं, सीडी पुढच्या गाण्यावर गेली. शेहेचाळीस वर्षांची बाई शांतपणे काही सांगते आहे, ते लोक ऐकतील असा विश्वासच कुणाला नव्हता. विक्रीची ही भीती गाण्याच्या मधोमध येऊन बसली. अल्बम जिथे पडतो तिथे या भीतीनं पडतो. आवाज उतरला म्हणून पडत नाही.

आवाजाचंच बोलायचं, तर त्याच उन्हाळ्यात, २१ जुलै २००९ ला हुबळीला गंगूबाई हनगल गेल्या. ९६ वर्षांच्या होत्या. ज्यांनी त्यांच्या तरुणपणच्या तबकड्या ऐकल्या आहेत त्यांना ठाऊक आहे, की तो आवाज बारीक आणि धारदार होता. पुढे टॉन्सिलचं दुखणं आणि त्यावरचे उपचार झाले, आणि आवाज इतका भरदार झाला की नवख्या माणसाला पुरुष गातो आहे असं वाटावं. आपल्या लोकांनी काय केलं? जुना आवाज परत आणा म्हणून तिकिटाचे पैसे मागितले नाहीत. बदललेल्या आवाजातलं गाणं ऐकलं आणि त्याच आवाजाला गंगूबाईंचा आवाज म्हणून डोक्यावर घेतलं. बाईंना पुनरागमन करावंच लागलं नाही, कारण श्रोते त्यांच्याबरोबर पुढे चालत राहिले.

आता माझे धाकटे बंधू म्हणणार (म्हणालेच आहेत, फोनवर), "ताई, गंगूबाईंचं दुखणं होतं. हिनं स्वतःच्या हातानं आवाज घालवला." बरं. घालवला, असं धरून चालू. तिनं तरी ते कुठे लपवलं? १४ आणि १५ सप्टेंबर २००९ ला ओप्रा विन्फ्रेच्या कार्यक्रमात, दोन दिवस, लाखो लोकांसमोर नवऱ्याबद्दल, कोकेनबद्दल, स्वतःच्या पडझडीबद्दल ती बोलली. मुलीनं आणि मी ते टीव्हीवर पाहिलं. बाजारात परत यायचं तर आधी अंगणात उभं राहून सगळ्या गावाला पापं सांगायची, असा हा नियम. गाणं विकत घेण्याआधी कबुलीजबाब हवा, आणि कबुलीजबाब मिळाला की म्हणायचं, बघा, म्हणूनच आवाज गेला. बायकांच्या बाबतीत हा नियम जास्त कडक असतो, हे मी पिकल्या केसांनी सांगते. पुरुष गवयांच्या व्यसनांचे आपण रंगवून रंगवून किस्से सांगतो, हसतो. घरातल्याच मैफिली आठवून पाहा.

त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ती सकाळच्या टीव्ही कार्यक्रमासाठी गायली. गळा साथ देत नव्हता. पुढे डिसेंबरमध्ये मॉस्कोपासून जगाचा दौरा सुरू झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला लोक मधूनच उठून गेले, काहींनी पैसे परत मागितले. एप्रिलमध्ये पॅरिसचा कार्यक्रम श्वसनमार्गाच्या संसर्गामुळे पुढे ढकलावा लागला. पैसे मोजलेल्या माणसाला रागवायचा हक्क आहे, तो मी नाकारत नाही. पण लोक तिथे काय ऐकायला गेले होते? नवीन अल्बम? नाही. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू', आणि त्यातही तो एक चढा सूर, जो तिनं १९९२ साली, एकोणतिशीत लावला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याच एका जागेची तपासणी. सूर लागला की नाही लागला, पास की नापास. पेपर २०१० चा, उत्तरसूची १९९२ ची! अशी उत्तरपत्रिका तपासली असती तर बोर्डानं मला घरी पाठवलं असतं.

११ फेब्रुवारी २०१२ ला ती गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर काय झालं पाहा. तिच्या जुन्या गाण्यांचा संग्रह अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. जुना आवाज परत मिळाला, तोही कसलीच अडचण न करणारा. लोक रडले, ते खरंच रडले असतील. पण आकडे बोलतात म्हणता ना, तर हाही आकडा बोलू द्या.

हे सगळं मी इतक्या तिडिकीनं का लिहिते आहे, तेही सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेत एक मुलगी होती. नववीपर्यंत वर्गात पहिली. वडील गेले, शाळा सुटली. दोन-अडीच वर्षं घर सांभाळलं, धाकट्या भावंडांचं केलं, दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या. मग १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसली. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन माझ्या घरी आली. ५८ टक्के. मी गुणपत्रिका हातात घेतली आणि म्हणाले, "अगं, तू तर ऐंशीच्या घरातली मुलगी. हे काय झालं?"

ती काही बोलली नाही. पेढ्यांचा पुडा ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. पोळ्यांचं पीठ मळून झाल्यावर रात्री कंदिलापाशी बसून मिळवलेले ते ५८ टक्के होते, आणि मी ते जुन्या ऐंशीतून वजा केले. बावीस गुण कमी, एवढंच माझ्या डोळ्यांना दिसलं. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या. ही चूक अजून रात्री जागं करते.

म्हणून फसलेल्या पुनरागमनांच्या याद्या पाहिल्या की माझं डोकं फिरतं. परत येणारा माणूस जुना नसतोच. तो जसा आला आहे तसा आपल्याला हवा आहे की नाही, एवढंच आपण ठरवायचं. नको असेल तर सरळ नको म्हणा. पण हवा म्हणून बोलवायचं, तिकीट काढायचं आणि मग तो पूर्वीसारखा नाही म्हणून नापास करायचं, हा न्याय नव्हे.

जावईबापू, एक काम करा. तुमच्याच घरी कपाटात ती सीडी असेल, नाहीतर फोनवर मिळेल. 'आय डिडन्ट नो माय ओन स्ट्रेंग्थ' हे गाणं शांतपणे लावा, आकडे बाजूला ठेवून. नातीलाही बसवा. ती त्या आवाजावर झोपत असे, तिला आता आठवत नसणार. गाणं आवडलं नाही तर तसं कळवा, माझी हरकत नाही. पण ऐकून कळवा.