उसनवारी आणि चोरी : कुलगुरूंना खुले पत्र

वैजापूर

माननीय कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर



विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली काढली. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणे, अशी चौर्याची व्याख्या तिने केली आणि ती नेमकी आहे. शिक्षा मात्र साम्याच्या टक्क्यांवर ठरते. १० टक्क्यांपर्यंत काही नाही, ४०पर्यंत प्रबंध सहा महिन्यांत दुरुस्त करायचा, ६०पर्यंत वर्षभर थांबायचे, त्यापुढे नोंदणीच रद्द. व्याख्या खपवण्याची आणि तराजू शब्दजुळणीचा, ही गफलत आहे.

मराठीत ती जास्त बोचते. साम्य शोधणारे सॉफ्टवेअर प्रबंध स्वतःच्या साठ्यातल्या मजकुराशीच ताडून बघणार. आपली जुनी पुस्तके, बंद पडलेली नियतकालिके, गावोगावचे दिवाळी अंक त्या साठ्यात बहुतांशी नाहीत. असले तरी पुष्कळदा पानाचे नुसते चित्र. त्यामुळे कपाटातल्या पुस्तकाचे प्रकरण जसेच्या तसे टंकणारा सुटतो. इंग्रजी लेख मराठीत उतरवून घेणारा सुटतो. ‘हेच जरा वेगळ्या शब्दांत’ असे एआयला सांगणारा तर हमखास सुटतो. उलट संतसाहित्यावर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याची धाकधूक वाढते. अवतरणे वगळावीत असे नियमात आहे. पण ओव्या-अभंग अवतरणचिन्हांशिवाय छापायची आपली रीत यंत्राला कोण सांगणार?

आणि दुसऱ्याचे घेण्याचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. आमच्या शेजारच्या नेवाशात १२९०मध्ये ज्ञानेश्वरांनी ७०० श्लोकांच्या गीतेवर सुमारे ९००० ओव्या रचल्या. आजच्या भाषेत हे रिमिक्सच, आणि मूळ व्यासांचे, वाट आधीच्या भाष्यकारांना विचारलेली, हे त्यांनी ग्रंथातच सांगून टाकले. १५८४मध्ये पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली, कारण मधल्या काळात तिच्यात पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवणे, ही उलटी चोरी. (पुलं-वपुंच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सुविचारांना असा एखादा नाथ भेटायला हवा.) त्याच एकनाथांचे भावार्थ रामायण अर्धवट राहिले. शिष्य गावबाने ते पुरे केले आणि परंपरेने तो सांधा लपवला नाही. घेणे, जोडणे, पुढे नेणे सगळे चालले. चालले नाही ते कुणाचे काय, हे बुजवणे.

तेव्हा कॉपीराइट नव्हता, मग ही उदाहरणे आज कशाला, असे कोणी म्हणेल. पण कॉपीराइट आणि वाङ्मयचौर्य या दोन गोष्टी आहेत. १९५७च्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो, मग मजकूर सर्वांचा होतो. सर्वांचा झालेला मजकूरही आपल्या नावावर लावला तर चोरीच. दुसरा आक्षेप वजनदार आहे. टक्के निदान निःपक्षपाती असतात. माणसांवर सोडले तर मार्गदर्शकाचा लाडका सुटेल आणि नावडता अडकेल. ही भीती खरी, म्हणून यंत्र काढून टाका असे मी म्हणत नाही. त्याला खबऱ्या ठेवा, न्यायाधीश करू नका. नियमावलीने विभागवार समित्या सांगितल्या आहेतच. त्यांनी अहवालातला आकडा वाचून न थांबता प्रबंध वाचावा.

शिवाय पीएच.डी.पर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर. पर्यावरणाचा तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून आणून वरचे नाव बदलायचे, हा रिवाज कोणत्याही तालुक्याच्या गावाला नवा नाही. ज्याला तिथे कुणी अडवले नाही, त्याला प्रबंधाच्या वेळी टक्क्यांचा धाक दाखवून काय होणार? पदवीच्या अभ्यासक्रमातच हा विषय शिकवावा, असे नियमावलीही सांगते. तो मराठीतून, मराठी उदाहरणांनी शिकवा. प्रत्येक प्रकल्पासोबत एक पान सक्तीचे करा : काय कुठून घेतले, एआयकडून काय करून घेतले, आपले काय घातले. गुण त्या पानाला द्या आणि तोंडी परीक्षा त्याच पानावर घ्या. यंदाच्या वर्षापासून सुरुवात वैजापूरच्या महाविद्यालयांतून केली, तरी चालेल.

आपला,
वैजापूरचा एक वाचक