एमएच ३५, सिंगल हँड, विकणे आहे!

दिवाळीला गोंदियात उतरणाऱ्या समस्त पुणेकर-मुंबईकर मंडळींनो, एक साधा प्रश्न. अंगणात कव्हर घालून उभी असलेली ती घरची गाडी शेवटची कधी बाहेर निघाली होती? बाबा रिटायर झालेत, बाजार पायी अंतरावर आहे, बॅटरी दर महिन्याला झोपते. तुम्ही मात्र घरी एक नवीकोरी ऑटोमॅटिक आणायच्या मूडमध्ये. शोरूमचा एक्झिक्युटिव्ह गोड आवाजात विचारतो, 'सर, एक्स्चेंजला काही आहे का?' आणि तिकडून बाबांचा फोन, 'शोरूमवाल्याले फुकटात कायले द्याची? गल्लीतच दोन गिऱ्हाईक विचारून राहिले.'

दोघांचंही बरोबर आहे. लोचा तिथेच आहे!

आधी हिशोब मांडू. समजा, २०१४ ची वॅगन आर आहे, पेट्रोल, फर्स्ट ओनर. शोरूमचा माणूस येतो, बॉनेट उघडतो, बंपरवरचे ओरखडे मोजतो आणि म्हणतो, एक लाख साठ हजार. तुमचं पडलेलं तोंड बघून लगेच पुढचा डायलॉग, 'प्लस वीस हजार एक्स्चेंज बोनस!' झाले एक ऐंशी. बरं वाटतं ना? पण बॉस, जरा थांबा. त्याच माणसाला विचारा, की जुनी गाडी दिलीच नाही तर नव्या गाडीवर किती सोडशील? तो म्हणाला पंधरा हजार, तर तुमचा बोनस खरा पाच हजारांचाच. बाकीचे पंधरा तसेही तुम्हाला मिळणारच होते. म्हणून जुन्या गाडीचा भाव आणि नव्या गाडीचा डिस्काउंट हे दोन आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहून घ्या. एकत्र बोलायला लागला की समजा, कुठेतरी काहीतरी गुंडाळलं जातंय.

आता गल्लीतला गिऱ्हाईक. तो दोन लाख दहा हजार देतोय. त्यात नव्या गाडीवरचे ते पंधरा मिळवा, दोन पंचवीस. एक्स्चेंजचे एक ऐंशी. फरक पंचेचाळीस हजारांचा! (आकडे समजुतीपुरते, तुमच्या गाडीचे तुम्ही टाका.) शोरूमवाला काही चोर नाही. त्याला गाडी दुरुस्त करायची असते, महिनोन् महिने सांभाळायची असते, वर नफ्यावर जीएसटी भरायचा असतो. छोट्या जुन्या गाड्यांसाठी हा दर १२ टक्के होता, डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलमध्ये तो १८ टक्के ठरला. घरच्या माणसाने घरच्या माणसाला गाडी विकली तर हा कर लागतच नाही. पण बाबांनाही एक गोष्ट हळूच सांगायला हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतोच. त्यांच्या डोक्यात शेजाऱ्याच्या गाडीला त्याआधी मिळालेला आकडा बसला असेल, तर तो आता विसरायचा.

तरीही गोंदियात प्रायव्हेट सेलला जो भाव येतो, त्यामागे एक खास कारण आहे. आमगाव, तिरोडा, गोरेगावकडे 'गुरुजींची गाडी' म्हटलं की अर्धा सौदा तिथेच पक्का! अख्ख्या गावाने ती गाडी चाळीसच्या स्पीडने जाताना पाहिलेली असते. कुठल्या लग्नात गेली, कुठे ठोकली, कोणाकडे सर्व्हिसिंगला जाते, सगळं पब्लिक रेकॉर्ड. शोरूमच्या फॉर्ममध्ये या गुडविलसाठी रकानाच नसतो. टायमिंगही बघा. रोवणीच्या दिवसांत सगळ्यांचा पैसा बांधीत अडकलेला असतो, तेव्हा कोण गाडी घेणार? धान विकून हातात पैसा आला आणि लग्नसराई सुरू झाली की तोच गिऱ्हाईक स्वतःहून फोन करतो.

पण याच ओळखीची दुसरी बाजूही आहे. तीन महिन्यांनी क्लच गेला की तोच माणूस सकाळी चहाच्या वेळी दारात हजर. 'गुरुजी, तुम्ही तं म्हटलं होतं गाडी एकदम मस्त आहे!' तुम्ही हिंजवडीत मीटिंगमध्ये, आणि बाबांना तो माणूस रोज बाजारात भेटणार. त्या पंचेचाळीस हजारांतले काही रुपये खरं तर या डोकेदुखीचे आहेत. उपाय एकच. मे महिन्यात एसी दम तोडतो, मागचं दार एकदा ठोकलंय, हे सगळं सौद्याआधी सांगा आणि विक्रीच्या कागदावर लिहा. दोन-चार हजार कमी आले तर येऊ द्या.

भावापेक्षा मोठा मुद्दा नावाचा आहे. आपल्याकडे सौदा म्हणजे पैसे मोजले, किल्ली दिली, पेढा खाल्ला. कायद्याच्या लेखी मात्र आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१८ साली हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात फिरली होती, आरसीवर नाव पहिल्याचंच. अपघात झाला, त्यात एक जीव गेला आणि भरपाईची जबाबदारी त्या कागदावरच्या मालकावर आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झालेल्या गाडीचा माग काढतानाही पोलीस आधी पोहोचले ते कागदावरच्या जुन्या मालकाकडे, ज्याने ती कधीच विकली होती. अठ्ठावन्न वर्षं नाकासमोर चाललेल्या माणसाला अशा लफड्यात का टाकायचं?

म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून 'तू करून घे नंतर' म्हणायचं नाही. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. बाबांनी गिऱ्हाइकाबरोबर स्वतः जाऊन काम करून घेतलं तर उत्तम. पुढे परिवहनच्या वेबसाइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवली तर गिऱ्हाईकही धावपळ करतो. जुन्या चलनांचे पैसे आधी भरा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट लावून घ्या, नाहीतर काम तिथेच अडेल. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं, त्यासाठी फॉर्म ३५. आणि गाडी आजोबांच्या नावावर असेल, आजोबा आता नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर यायला हवी. एक्स्चेंज असो की गिऱ्हाईक, त्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

पैसे नोटांच्या बंडलात येत असतील तर आणखी एक. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. २०१७ पासूनचा नियम आहे हा. आपला दोन लाख दहा हजारांचा सौदा त्यात बरोब्बर सापडतो. पैसे सरळ बँकेतून घ्या.

गोंदियाची खरी गंमत सीमेवर आहे. चांगला भाव देणारा गिऱ्हाईक पुष्कळदा बालाघाटचा किंवा राजनांदगावचा निघतो. तिकडे गाडी न्यायची तर फॉर्म २८, म्हणजे आपल्या आरटीओची एनओसी, मग त्या राज्याचा टॅक्स, मग नवा नंबर. हे सगळं त्याने खरंच केलं का, हे गोंदियात बसून कसं बघणार? माझं मत विचाराल तर आरसी जिल्ह्यातच ट्रान्स्फर होणार असेल, आणि बाबांना आरटीओच्या दोन फेऱ्या जमत असतील, तर बिनधास्त प्रायव्हेट विका. गिऱ्हाईक सीमेपलीकडचा असेल, किंवा घरी आई एकटीच असेल, तर ते पंचेचाळीस हजार सोडा आणि एक्स्चेंज करा.

मात्र एक्स्चेंज केलं की सुटलो, असंही नाही हं! शोरूममधली गाडी तिथेच थांबत नाही. ती दलालाकडे जाते, त्याच्याकडून कुणा तिसऱ्याकडे, आणि बाबांच्या सहीचा कोरा फॉर्म तिच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये फिरत राहतो. १ एप्रिल २०२३ पासून यावर तोड आलीय. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यावा लागतो. अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची फॉर्म २९ सी ची नोंद ऑनलाइन झाली, की पुढच्या विक्रीपर्यंत मालक म्हणून तोच जबाबदार. 'हा परवाना आहे का, आणि २९ सी ची कॉपी कधी देणार?' एवढं विचारा. उत्तराऐवजी कोल्ड्रिंक पुढे आलं, तर दुसरं शोरूम गाठा.

किल्ली देण्याआधी दोन कामं. पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर इन्शुरन्सच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस साठलेला असतो. तो गाडीचा नाही, बाबांचा आहे. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो. दुसरं, काचेवरचा फास्टॅग काढून बंद करा. नाहीतर रायपूर हायवेवर गाडी फिरवणार नवा मालक, आणि टोल कापल्याचे मेसेज बाबांच्या मोबाइलवर!