क्यूव्ही-१० ला खेळणं म्हणणाऱ्यांसाठी

जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचा विषय निघाला की काही मंडळी आधी मेगापिक्सेल विचारतात. त्यांच्या हिशेबी १९९५ सालचा कॅसिओ क्यूव्ही-१० म्हणजे ६५ हजार येनचं खेळणं. फोटो ३२० बाय २४० चा, म्हणजे नीट छापायचा तर पोस्टाच्या तिकिटाएवढा. फ्लॅश नाही. कार्ड नाही, आतल्या २ एमबीत ९६ फोटो बसले की संपलं. वर चार पेन्सिल सेल लागायचे. सगळं कबूल.

आता या मंडळींचा लाडका, १९९४ चा ॲपल क्विकटेक १००. तो ६४० बाय ४८० चे फोटो काढायचा म्हणून 'खरा' कॅमेरा! किंमत ७४९ डॉलर. आणि त्या आकाराचे फोटो मावायचे किती? आठ. बरं, आठ तर आठ. पण फोटो कसा आलाय ते कॅमेऱ्यावर दिसायचंच नाही, कारण पडदाच नव्हता. एखादा बिघडलेला फोटो पुसायचीही सोय नाही, पुसायचे तर सगळेच. कॉम्प्युटरला वायर जोडेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. मग रोल काय वाईट होता?

रोल काय वाईट होता ते मला चांगलं माहीत आहे म्हणा. लहानपणी आमच्याकडच्या एका मुंजीत काका दिवसभर फोटो काढत होते. काउंटर ३६ वर गेला. रोल धुवून आला तो कोरा करकरीत! आत फिल्म चक्रीला अडकलीच नव्हती, नुसता काउंटर पुढे सरकत होता. मातृभोजनाच्या पंगतीत आजी होती, ती वर्षभरात गेली. काकांनी पुन्हा कॅमेरा हातात धरला नाही. असो.

क्यूव्ही-१० च्या पाठीवर १.८ इंचाचा रंगीत पडदा होता. काढला, बघितला, फसला तर तेवढाच पुसला, परत काढला. भिंग फिरवून आपल्याकडे वळवलं की स्वतःचा फोटो काढताना स्वतःचं तोंडही दिसायचं. आज फोनवर आपण याहून वेगळं काय करतो हो? ६५ हजार येन छापील फोटोसाठी मोजले असतील तर ते पाण्यात गेले, यात वाद नाही. पण पैसे त्या पडद्याचे होते, आणि त्याची किंमत मेगापिक्सेलच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिणार?

त्या पंगतीचा तिकिटाएवढा फोटोसुद्धा मला चालला असता. धूसर, दाणेदार, कसाही.