देवाच्या लाकडाला पावती नको काय?

वकिलीच्या व्यवसायात माझ्यासमोर आलेले एक प्रकरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोव्यातील एका देवस्थानाच्या सभामंडपाचे जुने खांब वाळवीने पोखरले, म्हणून महाजनांनी वर्गणी जमवली. सरकारी आगारातील लिलावाचा भाव ऐकून सर्वांचे चेहरे उतरले. तेव्हा एका सद्गृहस्थाने सीमेपलीकडील सागवान निम्म्या भावात आणून देण्याचे पत्करले. माल रात्री यावयाचा होता. तो आला, परंतु देवळाच्या प्राकारात नव्हे, वनखात्याच्या नाक्यावर. दुसऱ्या दिवशी समितीची मंडळी सल्ल्यासाठी आली तेव्हा मी साहजिकच बिल आणि वाहतूक परवाना मागितला. त्यावर एक वयोवृद्ध महाजन अगदी निष्पाप मुद्रेने म्हणाले, "वकीलबाब, देवाच्या कामाक पावती कित्याक?"

हा प्रश्न त्या एका वृद्धाचा नाही. देवळाचे दार, पालखी किंवा रथ करण्याची वेळ आली की तो अनेक सभ्य आणि श्रद्धाळू माणसांच्या मनात असतो. ती मंडळी तो उघड बोलत नाहीत इतकेच. म्हणून त्याचे उत्तर उघडपणे दिले पाहिजे.

प्रथम धर्माचीच साक्ष घेऊ. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मूर्तीसाठी लाकूड आणावयास रानात कसे जावे, याचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. स्मशानातील, वाटेवरील, देवालयाजवळील, तपस्व्यांच्या आश्रमातील, नदीसंगमावरील झाड वर्ज्य. वेलींनी जखडलेले, वीज पडलेले, मधाची पोळी धरलेले झाडही वर्ज्य. निवडलेल्या झाडाची रात्री पूजा करावयाची, त्यावर वसणाऱ्या भूतमात्रांना अन्यत्र जाण्याची विनंती करून त्यांची क्षमा मागावयाची, आणि मगच कुऱ्हाड लावावयाची. या विधीचे सार काय? झाड कोठे उभे होते, कोणाच्या आश्रयाचे होते आणि कोणाच्या संमतीने पडले, हे जाणल्यावाचून त्याचे लाकूड देवाला चालत नाही. मूर्तीला लावलेली ही कसोटी मूर्तीवर छाया धरणाऱ्या खांबाला मुळीच लावावयाची नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? वाहतूक परवाना हे त्याच जुन्या चौकशीचे आजचे व्यावहारिक रूप होय. त्यावर ओंडक्यांची संख्या, लांबी, घेर, मार्ग आणि तारीख असते. आगारातील ओंडक्यावर वनखात्याच्या हातोडीचा ठसा असतो. ज्या लाकडाला आपले रान सांगता येत नाही, ते लाकूड अनाथ नसते, चोरलेले असते.

आता कायद्याकडे वळू. गोव्यात लागू असलेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ६९ अन्वये, वनोपज सरकारच्या मालकीचे आहे काय असा प्रश्न त्या कायद्याखालील कारवाईत उपस्थित झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानले जाते. कर्नाटकाच्या १९६३ च्या वनकायद्यातही असेच गृहीत आहे. म्हणजे पुराव्याचा भार लाकूड बाळगणाऱ्यावर पडतो, आणि देवाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही. "आम्हांला ठाऊक नव्हते" ही ढालही फार काळ टिकत नाही. चोरीचा माल घेण्याविषयी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. त्यात प्रत्यक्ष ज्ञानाइतकेच 'तसे मानण्यास कारण असणे' हेही पुरेसे धरले आहे. निम्मा भाव, रात्रीची वेळ आणि कोरा हात, याहून अधिक कारण कोणते हवे?

"सरकारी लाकूड महाग आहे," हा पहिला आक्षेप. आहे, आणि का आहे तेही पाहावे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात, केंद्राने मंजूर केलेल्या कार्ययोजनेबाहेरील वनांतील वृक्षतोड थांबवली. कायदेशीर लाकूड मर्यादित झाले, हे खरे. परंतु चोरट्याचे लाकूड स्वस्त असते, कारण त्याने झाडाची किंमतच दिलेली नसते. उरलेली किंमत रान भरते, ओढे भरतात, पुढची पिढी भरते. तिला वर्गणी म्हणता येत नाही.

"वनखात्यातच भ्रष्टाचार आहे," हा दुसरा. कुंपण शेत खाते, हे मलाही ठाऊक आहे. पण कुंपणाने शेत खाल्ले म्हणून देवाच्या पुजाऱ्यानेही त्यात शिरावे, हा कोठला न्याय?

"आम्ही बर्मा सागच घेतो," हा तिसरा. म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात एप्रिल २०१४ पासून बंद केली. तेव्हा कोणी नवा ओंडका त्या नावाने विकू लागला, तर तो देशाबाहेर आला कसा, हे विचारावे. चिरलेल्या लाकडाचीही आयातीची कागदपत्रे मागावीत. परदेशी नाव काढले म्हणजे पाप समुद्रात बुडते, असे नाही.

"घरचेच झाड देवाला देतो," असे म्हणणाऱ्या दात्यालाही एक गोष्ट सांगावयाची आहे. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आपल्याच कुळागरातील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. दान शुद्ध व्हावयाचे तर हातही मोकळा हवा.

त्या प्रकरणाचा शेवट मात्र मला अद्याप टोचतो. महाजन त्याच संध्याकाळी घरी परतले. ट्रकचा चालक परतला नाही, आणि त्याची गाडीही परतली नाही; वनगुन्ह्यात लाकडाबरोबर वाहनही अडकते. त्याच्या मुलांच्या पोटावर पाय देऊन उभा राहणारा खांब आपण कोणत्या मंत्राने शुद्ध करणार होतो?

पुरीकडे पाहावे. जगन्नाथाच्या तीन रथांसाठी दरवर्षी आठशेच्या आसपास ओंडके लागतात. पुढे लाकूड अपुरे पडेल हे जाणून ओडिशात २००० साली जगन्नाथ वनप्रकल्प हाती घेण्यात आला, आणि रथाला लागणारी झाडेच लावली जाऊ लागली. आपल्या देवस्थानांकडेही जमिनी आहेत. आज लावलेला साग आपल्याला तोडावयास मिळणार नाही. पण आपल्या आजोबांनीही स्वतःसाठी खांब उभे केले नव्हते.

तोवर प्रत्येक महाजनसभेने एक साधा ठराव करावा: बिल, परवाना आणि ठसा पाहिल्यावाचून एक फळीही प्राकारात येणार नाही, आणि ही कागदपत्रे हिशेबाच्या वहीबरोबर वार्षिक सभेत सर्वांसमोर ठेवली जातील. पैसे कमी पडले तर खांब दोन वर्षे उशिरा उभे राहतील. देवाला घाई नाही. घाई असते ती आपल्या नावाच्या शिलालेखाला.