कागदावरचा हक्क

राज्यशास्त्राच्या तासाला 'हक्क' या शब्दाची व्याख्या आम्ही पाठ केली. परीक्षेत तिला गुणही मिळाले. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल समजावून घेताना माझी ती व्याख्या डळमळली.

१९७३ साली 'रो विरुद्ध वेड' खटल्यात त्या न्यायालयाने गर्भपाताचा निर्णय हा स्त्रीचा घटनात्मक हक्क मानला. गरिबांच्या औषधोपचारासाठी तेथे १९६५ पासून 'मेडिकेड' ही सरकारी योजना आहे. १९७६ साली तेथील संसदेने हेन्री हाइड यांची दुरुस्ती मंजूर केली आणि मोजके अपवाद सोडता गर्भपातासाठी केंद्राचा पैसा बंद केला. ३० जून १९८० रोजी 'हॅरिस विरुद्ध मॅक्रे' खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ही दुरुस्ती वैध ठरली. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांच्या निकालाचा आशय असा : सरकारने स्त्रीच्या वाटेत धोंडा टाकू नये; पण जो धोंडा सरकारने टाकलेला नाही, तो उचलण्यास सरकार बांधलेले नाही. आणि गरिबी हा असाच धोंडा !

येथे मी थबकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या वडिलांना कॉलेजात जाण्यास कोणी बंदी केली होती ? कोणीही नाही. आडवी आली ती फी, एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी. मी आज येथे आहे ती फीमाफी आणि शिष्यवृत्तीमुळे. तो धोंडा सरकारने उचलला नसता, तरी माझा हक्क शाबूतच राहिला असता. फक्त कागदावर !

ज्यांना गर्भपात पाप वाटतो, त्यांच्या कराचा पैसा त्यासाठी का वापरावा, असे विचारले जाते. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. ती श्रद्धा प्रामाणिक असते. परंतु युद्ध न पटणाराही सैन्याचा खर्च भरतोच. शिवाय सरकार येथे तटस्थ कुठे आहे ? मेडिकेड बाळंतपणाचा खर्च देते, गर्भपाताचा नाही. म्हणजे श्रीमंत स्त्रीचा निर्णय ती स्वतः घेते आणि गरीब स्त्रीचा निर्णय तिजोरी घेते. १९६३ साली 'गिडियन' खटल्यात याच न्यायालयाने गंभीर गुन्ह्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणे बंधनकारक केले होते. तेथे आरोप सरकारच ठेवते, हा फरक मला मान्य आहे. पण पैशावाचून हक्क पोकळ होतो, हे सत्य दोन्हीकडे एकच.

हाइड दुरुस्ती लागू झाल्यावर, १९७७ सालीच, टेक्सासमध्ये कॉलेजात शिकणारी एक तरुण आई स्वस्तातल्या बेकायदा गर्भपाताने दगावली. पुढे २०२२ साली 'डॉब्ज' निकालाने मूळ हक्कच काढून घेतला.

आपल्याकडे १९७१ चा कायदा आहे. २०२२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही त्याचा समान लाभ दिला. याचा मला अभिमान आहे. परंतु शेतमजूर बाईला तालुक्याच्या दवाखान्यात जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तेथे डॉक्टर भेटले नाहीत तर दुसऱ्या दिवसाचीही. म्हणून व्याख्येत मी एक ओळ वाढवली आहे : ज्याच्या खिशात काही नाही त्यालाही जो बजावता येतो, तोच हक्क. परीक्षेत तिला गुण मिळोत वा न मिळोत.

(द्वितीय वर्ष, कला)